नाल्वाच्या उशीतलं बाळ

आमच्या पेद्रा मान्सा गावात कुणाला काही लपवायचं असलं, तर शहाणं माणूस ते स्वतःच्या घरी लपवत नाही. घरात आया असतात, बहिणी असतात, त्यांचे हात कुठल्या डब्यात कधी शिरतील याचा नेम नाही. शहाणं माणूस नाल्वाकडे जातं.

नाल्वा म्हणजे लिंदिनाल्वा. चर्चमागच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात ती कपडे शिवते. नवरा ट्रकवर, पोरं शिकायला बाहेर, आणि बाई दिवसभर मशीनवर. बुटकी, गोल, हसली की खांद्यापासून हलणारी. तिच्या मशीनच्या खणांत दोऱ्यांखाली काय काय असतं ते देवालाच ठाऊक. कुणाची अंगठी, कुणाचा फोटो. एकदा तर आमच्या पोस्टमास्तरांची नवीकोरी कवळी होती, बायकोला तिच्या वाढदिवशी हसून दाखवायचं म्हणून लपवलेली. हे मला कसं कळलं? पोस्टमास्तरांनीच सांगितलं, नंतर. नाल्वा सांगतेय होय! तिला विचारा, "काय गं, त्या कवळीचं तुला ठाऊक होतं?" ती सुईत दोरा ओवत म्हणेल, "कुठली कवळी?" असा संताप येतो ना!

बरं, मी काही परकी नव्हे. मी इव्होनेती, तिची कोमाद्रे. संत जुआंवच्या शेकोटीभोवती हातात हात घालून आम्ही फेरे घेतलेत. एकदा ते फेरे घेतले की ती बाई सख्ख्या बहिणीहून जवळची. मरेपर्यंत तिला नावानं हाक मारायची नाही, नुसतं कोमाद्रे म्हणायचं, आणि तिच्याशी भांडायचं नाही. नावाचं जमलं. भांडणाचं माझ्या स्वभावाला फार जड गेलं.

ते फेरे कसे झाले तेच सांगायला बसलेय.

आम्ही पंधरा वर्षांच्या होतो. आमच्याकडे जून म्हणजे मका, पताका आणि नाच. संत जुआंवच्या आदल्या संध्याकाळी चौकात जोड्यांचा नाच होतो, आणि नाचाआधी लग्नाचं सोंग. नवरी पोटुशी, नवरा पळून जायच्या बेतात, नवरीचा बाप लाकडी बंदूक घेऊन त्याच्या मागे, आणि पाद्री प्यालेला. दर वर्षी तेच सोंग आणि दर वर्षी लोक हसून हसून बेजार. सगळी मदार नवरीवर. एकदा नवरी झालेल्या पोरीला पुढं वर्षभर बाजारात लोक "या नवरीबाई" म्हणून हाक मारतात.

नाल्वाला हे सोंग लहानपणापासून हवं होतं. आमच्या परसात कोंबड्यांच्या मधोमध ती चक्कर येऊन पडायचा सराव करायची. माझी आई ओरडायची, "अगं, अंडी देईनाशा झाल्यात त्या!" त्या वर्षी शेवटी तिला नवरी मिळाली. माझा आवाज मोठा म्हणून मी पाद्री झाले, बकऱ्याच्या केसांची दाढी लावून.

आता दोन बहिणी सांगायला हव्यात. थोरल्या दोना झुल्मिरा. आमच्याकडे मानानं बाईला दोना म्हणतात आणि पुरुषाला सेउ. चर्चची समिती त्यांची, नाचाची समिती त्यांची. गावात दोन माणसं बोलत उभी राहिली तरी त्यांची अध्यक्ष दोना झुल्मिरा. धाकट्या दोना किटेरिया, पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या. गावाचे कपडे त्याच शिवायच्या. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नाही. आणि टाचण्या नसल्या की थोरली बोलू देत नसे.

या बहिणींच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्या आईच्या वेळचा संत अंतोनियो होता, कडेवर बाळ येशूला घेतलेला. बाळ करंगळीएवढं, लाकडाचं. आमच्याकडे लग्न जमत नसलं तर या संताला नुसत्या मेणबत्त्या लावून भागत नाही. त्याच्या कडेवरचं बाळ काढून घ्यायचं आणि लपवून ठेवायचं. नवरा दे, बाळ घे! बाळावाचून कासावीस झालेला संत मग धावपळ करून स्थळ शोधतो. लग्न जमलं की ज्या हातानं बाळ काढलं त्याच हातानं परत ठेवायचं. मधेच कुणी हिसकावून घेतलं तर सगळंच फिसकटतं, वर हिसकावणाऱ्याच्या घरावर संत रुसतो ते वेगळंच.

तर संत अंतोनियोच्या सणाला सकाळी दोना झुल्मिरांची किंकाळी चर्चपर्यंत ऐकू आली. आदल्या दुपारी त्यांनी धूळ पुसली तेव्हा बाळ जागेवर होतं, आणि आता संताची कड रिकामी!

गावाला काय, आयतीच करमणूक. कुणाला एवढी घाई झालीय म्हणून पैजा लागल्या. दोना झुल्मिरांनी आधी स्वतःचं घर उलटंपालटं केलं, पिठाच्या डब्यात हात घातले, गाद्या उसवल्या. मग गावातल्या एकेका बिनलग्नाच्या पोरीकडे "सहज कॉफीला आले हो" म्हणत जाऊन बसू लागल्या. आमच्याकडेही आल्या. कॉफी प्यायल्या, माझ्या पलंगाखाली वाकून बघितलं, आणि साखर कमी होती असं सांगून गेल्या.

नंतर एका दुपारी शाळेच्या आवारात तालीम होती. दोना किटेरिया नाल्वाच्या झग्याच्या घेराला टाचण्या लावून बाजूला झाल्या होत्या. सेउ बेलार्मिनो अकॉर्डियन वाजवत होते. हे गावाचे अकॉर्डियन दुरुस्त करणारे विधुर गृहस्थ, स्वभावानं गरीब, कानानं मोठे. नाल्वाला चक्कर यायची जागा आली. ती अशी काही गरकन फिरून माझ्या पायांवर कोसळली की मी पाद्रीबिद्री विसरून हसत सुटले. तेवढ्यात झग्याखालची पोटाची उशी सटकली, शिवणीवर उसवली, कापूस बाहेर आला. आणि कापसातून बाळ येशू घरंगळत थेट ढोलापाशी जाऊन थांबला.

मग ढोलवाला ओरडला, "मुलगा झाला! मुलगा!"

मेलेच सगळे हसून. नवरा झालेला पोरगा तर जमिनीवर लोळला. फक्त दोना झुल्मिरा हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठेपर्यंत नाल्वानं झेप घालून बाळ मुठीत धरलं होतं.

"आण ते इकडे."

"नाही देता येत, दोना झुल्मिरा."

"देता येत नाही? चोरटे! नाक पुसता येत नाही आणि नवरा हवाय होय गं तुला?"

"वेळ झाली की बाळ आपल्या जागेवर जाईल."

"तूच काढलंस ना?"

"माझ्याकडे आहे, म्हणजे माझ्याकडेच आहे," नाल्वा म्हणाली, आणि मूठ आणखी आवळली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण संताच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारपासून ही बया आमच्याकडे मक्याची खीर ढवळत होती आणि रात्री माझ्याच शेजारी झोपली होती. मी ओरडले, "खोटं आहे हे! ती आमच्याकडे—" नाल्वानं माझ्या पायावर असा पाय दिला की डोळ्यांत पाणी आलं. "पाद्रीबुवा, गप्प बसा," ती दातांमधून म्हणाली.

हिसकावून घ्यायची छाती दोना झुल्मिरांचीही नव्हती. संत रुसला तर? मग त्यांनी जे करता येत होतं ते केलं. "बाळ परत येईपर्यंत नवरीचं काम नाही. किटेरिया, काढ तिचा झगा. इव्होनेती, तुला सगळं पाठ आहे. उद्यापासून नवरी तू."

दोना किटेरियांनी नाल्वाचे हूक काढले. एक हूक तर त्यांच्याकडून तुटलाच. मला वाटलं, बहिणीला भितात बिचाऱ्या.

घरी जाताना मी रस्त्यातच तिला धरलं. "कुणाचं आहे ते? बोल!"

"नाही सांगायचं, नेती."

"मला? मला नाही सांगायचं? मग मैत्रीण कशाला झालीस गं माझी? पेरू चोरायला?"

"ओरडू नको."

"ओरडणार! मी नाही करत जा नवरीचं काम. झुल्मिराला सांगते, तूच हो नवरी, शोभून दिसशील!"

"तू नाही केलंस तर ते तिच्या भाचीला मिळेल," नाल्वा म्हणाली. "आणि ती विनोद सांगितला की रडते. कर मुकाट्यानं." थोडं चालल्यावर ती थांबली. "हे बघ. मी कुणाला तरी शब्द दिलाय. आज त्यांचं मी तुला सांगितलं, तर उद्या तुझं तिसरीला सांगेन. मग तू तरी माझ्याकडे कशाला येशील?"

तिचं खरं होतं म्हणून मला आणखीच राग आला. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पोरीचे हाल झाले हो. बेकरीवाल्याचा पोरगा रोज भर रस्त्यात गुडघे टेकून तिला लग्नाचं विचारायचा. तिच्या आईनं नवे सँडल कपाटात कुलूप लावून ठेवले, बोललीस तर देईन म्हणून. नाल्वा जुन्या चपला घालून हिंडली. बेकरीवाल्याच्या पोराला म्हणाली, "आधी पाव नीट भाजायला शीक, मग विचार करते." हसायची, पण तालमीच्या वेळी शाळेच्या बाजूनं जायची नाही. लांबच्या रस्त्यानं जायची.

आणि मी नवरी म्हणून रोज पडत होते. पडायचं म्हणजे काय, पोतं टाकल्यासारखं. कुणी हसत नव्हतं. एका दुपारी परसात सराव करत होते, तर कुंपणावरून आवाज आला, "अगं, चक्कर आलीय की दरवाजा कोसळलाय?" नाल्वा! माझं बोलणं बंद आहे हे मी विसरलेच. ती आत आली, मला धरून दाखवू लागली. आधी डोळे फिरव, मग गुडघा सोड, पोट हातानं धर, लोकांना वाटलं पाहिजे की आता पडली, आता पडली, आणि मग नाही पडायचं. ते हसायला लागले की मग पड. जे तिनं इतकी वर्षं साठवलं होतं ते सगळं तिनं मला देऊन टाकलं. शेवटी माझ्या डोक्यावरची नवरीची जाळी नीट करताना तिचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडत नव्हती म्हणे, कांदा चिरून आली होती. मला इतकं वाईट वाटलं की मला तिथंच बसकण मारावीशी वाटली. त्या दिवसापासून मी ते बाळ कुणाचं हे विचारणं सोडलं.

संत जुआंवची संध्याकाळ आली. चौकात पताका, शेकोटी रचलेली, गाव लोटलेलं. सेउ बेलार्मिनो अकॉर्डियन घेऊन बसले होते. पलीकडे नाल्वा धुरात डोळे चोळत कणसं भाजत होती. समितीनं तिला तेवढंच काम ठेवलं होतं. पडद्यामागे दोना किटेरिया माझ्या झग्याचे हूक लावत होत्या, तोंडात टाचण्या.

मला राहवेना. गप्प राहणं माझ्या रक्तातच नाही. म्हटलं, "बघा हो दोना किटेरिया, तिकडं कणसं भाजतेय ती. हा झगा तिचा, हे पोट तिचं. आईला नाही सांगितलं तिनं, मला नाही सांगितलं. मला आता ऐकायचंही नाही. पण ज्या कुणाचं ते बाळ आहे ना, ती भवानी इथंच कुठंतरी बसून मजेत कणीस खात असणार!"

मागे हूक लागेना. मी वळून बघितलं. दोना किटेरियांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्यांनी तोंडातली एकेक टाचणी काढली, मनगटाच्या गादीत खोचली, आणि पडदा बाजूला सारून सरळ चौकाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"दोना किटेरिया, अजून सुरू नाही झालं," ढोलवाला कुजबुजला.

त्या काहीतरी बोलल्या. ऐकूच आलं नाही. सेउ बेलार्मिनोंनी अकॉर्डियन थांबवलं.

"बाळ मी काढलं," दोना किटेरिया म्हणाल्या. आवाज चिरका होता, पण आता सगळ्यांना ऐकू आला. "आमच्या संताचं बाळ मीच काढलं. ताईनं घरातला डबा न् डबा उघडला, म्हणून मीच ते या पोरीच्या उशीत शिवलं. कुणाला सांगणार नाही असा तिनं शब्द दिला होता. तिनं पाळला. आणि मी भित्री, तिला सगळ्यांदेखत बोलणी बसली तेव्हा तोंडात टाचण्या धरून उभी राहिले."

"किटेरिया!" दोना झुल्मिरा गरजल्या. "खाली बस!"

"जन्मभर बसूनच आहे गं ताई, मशीनवर."

"तुला नवरा हवाय? या वयात?"

"हो," दोना किटेरिया म्हणाल्या. "हवाय."

दोना किटेरियांनी मान वळवली आणि अकॉर्डियनकडे बघितलं. सेउ बेलार्मिनोंचे ते मोठाले कान लालभडक झाले होते.

"मी तर कार्निव्हलपासून विचारतोय," ते सगळ्या गावाला सांगू लागले, जणू त्यांच्यावरच आळ आला होता. "ही म्हणते, ताईला विचारते. रोज म्हणते, ताईला विचारते!"

अशी काही आरोळी उठली चौकात की पताका हलल्या. दोना झुल्मिरा मटकन खाली बसल्या, त्या नेमक्या मक्याच्या पानगीच्या टोपलीवर. मला विचाराल तर गावाला त्या दिवशी तेच जास्त आवडलं.

मी मात्र कणसांकडे धावले. "चल गं! चल! पोट घाल!" नाल्वाच्या गालावर काजळी, हातात चिमटा. तिला काही सुचेना. पडद्यामागे मी दोना किटेरियांना काय बोलले ते तिला सांगत सांगतच झगा ओरबाडून काढला आणि तिला चढवला. दोना किटेरियांनी बाळ मागितलं. नाल्वानं ते खिशातून काढून दिलं, आणि त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा उशीत घातलं. "राहू दे अजून," त्या म्हणाल्या. "लग्न व्हायचंय. दोन टाके जास्त घालते."

माझ्या जागी पाद्री झालेल्या झुल्मिराच्या भाचीची दाढी काढून मी माझ्या हनुवटीला लावली. आणि नाल्वा गेली चौकात. काजळीसकट! काय सांगू तुम्हाला. डोळे फिरवले, गुडघा सोडला, आता पडली, आता पडली, आणि नाही पडली. पोस्टमास्तर हसता हसता बाकावरून पडले. शेवटी ती माझ्या पायांवर कोसळली तेव्हा सगळं गाव एकदम ओरडलं, "बाळ सांभाळा!" उशी जागची हलली नाही.

मग शेकोटी पेटली. पोरीपोरी हात धरून फेरे घ्यायला लागल्या. मी नाल्वाला शोधत होते, तर तिच्यासमोर दोना किटेरिया उभ्या. पन्नाशीची बाई, या पंधरा वर्षांच्या पोरीपुढं हात पसरून. "लिंदिनाल्वा, तू माझी कोमाद्रे होशील?"

आजीच्या वयाची बाई पोरीला कोमाद्रे म्हणणार, आपल्या बरोबरीची म्हणणार! इतके दिवस जिनं सगळं हसण्यावारी नेलं होतं ती नाल्वा ढसाढसा रडायला लागली. यावेळी कांदा नव्हता. नाक पुसून म्हणाली, "होईन. पण नेतीशिवाय नाही."

"तिच्या तोंडाला दार नाही गं," दोना किटेरिया म्हणाल्या.

"म्हणून तर उपयोग झाला ना," नाल्वा म्हणाली.

मग आम्ही तिघींनी फेरे घेतले. दोना किटेरियांचा हात सुयांनी खरबरीत झाला होता, आणि तिसऱ्या फेऱ्याला त्या नाचत होत्या.

पाऊसकाळ सरल्यावर लग्न झालं. बाळ परत संताच्या कडेवर गेलं. केक दोना झुल्मिरांनीच केला, जेवढ्यांना रागवता येईल तेवढ्यांना रागावल्या, आणि अकॉर्डियन सुरू झालं तेव्हा टेबलाखाली त्यांचा पाय ठेका धरत होता. नजर गेल्यावर दोना किटेरियांनी आपलं मशीन नाल्वाला दिलं. गावानं तिच्याकडे वस्तू ठेवायला द्यायची सुरुवात केव्हा केली ते मला नेमकं आठवत नाही. पण जिनं एक बाळ सांभाळलं ती कवळी का नाही सांभाळणार?

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. सकाळी आमच्या घरच्या संत अंतोनियोवरची धूळ पुसायला गेले, तर कड रिकामी. माझं डोकं फिरलं. आमच्या घरात बायका दोनच, मी आणि माझी म्हातारी आई. मला नवरा आहे, एक पुरे झाला. आईला तर वडील जाऊन किती वर्षं झाली. मग कोण शिरलं घरात? तरातरा गेले नाल्वाकडे.

"कोमाद्रे, आमच्या संताचं बाळ गेलं!"

"असं?" मशीन थांबलं नाही.

"असं काय? कुणी आणून दिलं का तुझ्याकडे?"

"कुठलं बाळ?"

घ्या! मी तणतणत बसले, झग्याचं बटण लोंबत होतं ते तरी लावावं म्हणून दोऱ्यासाठी खण ओढला. निळ्या दोऱ्याच्या रिळाखाली बाळ झोपलेलं. नाक लाल. लहानपणी मीच आईच्या नखांच्या रंगानं रंगवलेलं, आणि त्यापायी मार खाल्लेला. आमचंच ते.

आणि मग मला आई आठवली. गेले काही महिने दर गुरुवारी चर्चच्या म्हाताऱ्यांच्या नाचाला जाणारी. जाताना मला कानातले मागणारी. परतल्यावर गुणगुणणारी.

माझं तोंड उघडलं. मशीनचा आवाज थांबला. नाल्वा माझ्याकडे बघत होती, काही न मागता, काही न सांगता. शाळेच्या आवारात मूठ मिटून उभी होती ना, अगदी तशीच.

मी रीळ परत बाळावर ठेवलं आणि खण बंद केला.

"कोमाद्रे," मी म्हटलं, "आईला यंदा संत जुआंवला नवा झगा शिवायचाय. फुलाफुलांचा."

मशीन पुन्हा सुरू झालं.

"माप परवाच घेतलंय, कोमाद्रे."